ट्रेसरबाईंची जंगलवाट

ते प्रकरण आठवलं की माझ्या पोटऱ्या अजून दुखतात, आणि हसूही येतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुलुंडला फौजदार होतो. जानेवारीतल्या एका सकाळी एक गृहस्थ बहीण हरवल्याची तक्रार घेऊन आले. बहीण चाळिशी ओलांडलेली, अविवाहित, सरकारी नकाशा कचेरीत ट्रेसर. मूळ नकाशावर पातळ कापड ठेवून शाईने रेषा गिरवायच्या, हे तिचं काम. तीन दिवस चेंबूरला मैत्रिणीकडे जाते म्हणून गेली, ती चौथ्या दिवशीही परतली नव्हती. मैत्रिणीला काहीच ठाऊक नव्हतं.

"लहानपणापासून तिचं हृदय कमजोर आहे. जिनासुद्धा आम्ही सावकाश चढायला लावतो," भाऊ म्हणाले. मग आवाज खाली आणून, "कचेरीत एक विधुर ड्राफ्ट्समन आहे. त्याला विचारा."

डायरीत नोंद केली. दुपारी हवालदाराने खबर आणली की ती दोघं आठवडाभर एका नकाशावर वाकून बोलत असत. ड्राफ्ट्समनला ठाण्यावर बोलावलं. तासभर तो "मला माहीत नाही" यापुढे सरकेना. खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. हा गप्प होता; मला वाटलं, कुणाला तरी दिलेला शब्द पाळतोय.

मी म्हटलं, "बाई संकटात असतील तर तुमच्या शब्दाचा त्यांना काय उपयोग?"

त्याने मान खाली घातली. "साहेब, त्या चालत गेल्यात. येऊरचा डोंगर, तिथून जंगलातून घोडबंदरची खाडी, आणि परत जंगलातूनच बोरिवली. वीस वर्षं त्या डोंगरांच्या रेषा गिरवल्या, एकदा पाय ठेवून बघायचाय म्हणाल्या. मलाही विचारलं, येता का."

"मग?"

"मला बिबट्याची भीती वाटते."

हवालदाराने तोंड फिरवलं. ड्राफ्ट्समनने कागदावर सगळी वाट काढून दिली. दुसऱ्या सकाळी मी आणि हवालदार बोरिवलीकडून उलटे निघालो.

दुपारी एका ओढ्यात फाटलेली पिशवी दिसली, आत गिरवलेल्या नकाशाचा तुकडा. शेजारी ओल्या वाळूत बिबट्याचे पंजे. भावाला काय सांगायचं, ते मी मनात जुळवू लागलो.

"साहेब, रक्त नाही," हवालदार खाली वाकून म्हणाला. "आणि हे बघा, बाई बसून सरकत गेल्यात."

त्या खुणेमागे ओढ्याने खाली गेलो, तर आदिवासी पाडा लागला. पहिल्याच झोपडीसमोर बाई बसल्या होत्या. घोट्याला पाला बांधलेला, हातात भाकरी. शेजारी झोपडीची म्हातारी.

"परवा खडकावरून घसरले," त्या शांतपणे म्हणाल्या. "पाय टेकवेना. संध्याकाळी तो पाणी प्यायला आला. पंधरा हातांवर. छाती अशी धडधडत होती, साहेब! आठ वर्षांची असल्यापासून ऐकतेय की ती बंद पडेल. नाही पडली. तो गेल्यावर मला हसूच आलं. हा ओढा पाड्याला लागतो हे माहीत होतं, मीच गिरवलाय ना."

मी डोलीची व्यवस्था करू लागलो. त्यांनी नकार दिला. "बोरिवलीपर्यंतचंच राहिलंय. चालेन."

दुसऱ्या दिवशी म्हातारीने दिलेली काठी टेकत त्या निघाल्या. पुढचा चढ कुठे, पाणी कुठे, हे सांगत जात होत्या. मी मागे धापा टाकत होतो. वीस वर्षं खाकी घालून मी स्वतःला दणकट समजत होतो, तो समज त्या चढावर उतरला.

पाड्यावरच्या एका पोराकरवी पुढे धाडलेला निरोप मिळाल्याने भाऊ बोरिवलीला उभे होते. "आधी डॉक्टरकडे चल. छाती तपासून घेऊ."

"दादा, पाय तपासू. छाती मी तपासून आलेय."

भाऊंनी खाली बसून तिच्या बुटाची नाडी सोडली.

तोवर हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीत मी पहिला प्रश्न विचारायचो, "कुणावर संशय?" त्यानंतर विचारू लागलो, "त्यांना कुठे जावंसं वाटत होतं?" पुढे साकीनाक्याचे एक आजोबा त्या प्रश्नामुळे दोन तासांत सापडले. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन, लाटांत उभे.