पाटीची वरची ओळ

आमच्या नर्सरीत दोन गोष्टी आपोआप साठतात, रिकाम्या पिशव्या आणि किस्से. पिशव्या निदान पुन्हा वापरता येतात. किस्से सांगितले की लोक पोट धरून हसतात आणि म्हणतात, "काय गमती असतात हो तुमच्याकडे!" गमती कसल्या? अहो, मला संताप आलेला असतो, तो मी सांगत असते!

आधी ओळख करून देते. मी तळेगावची. बरीच वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, मग नोकरी सोडून कामशेतजवळ फक्त इथल्या, मावळातल्या झाडांची नर्सरी काढली. लोकांच्या बंगल्यांच्या बागाही करून देते. माझ्या जोडीला आबा असतात. कार्ल्याजवळ त्यांची जमीन होती, ती भावकीने विकली. आता त्याच जमिनीवर एक बंगला आहे आणि त्या बंगल्यात आबा माळी आहेत. त्यांना एकाही झाडाचं लॅटिन नाव येत नाही. बाकी झाडांबद्दल मला जे येत नाही ते सगळं त्यांना येतं.

बंगल्याच्या मालकांना नुसतं साहेब म्हणू. नाव घेतलं की माझं बीपी वाढतं.

* * *

साहेब पहिल्यांदा नर्सरीत आले ते मोबाईलमधले फोटो घेऊनच.

"मॅडम, आम्हाला शंभर टक्के देशी बाग हवी. हल्ली तेच चालतं."

मी इतकी खूश झाले की त्यांना बसवून चहा केला. चहा पिता पिता त्यांनी फोटो दाखवले. एकूण एक फोटोत पाम, पाम आणि पाम!

"झाडं देशी," साहेब म्हणाले, "फक्त लूक बालीचा पाहिजे."

चहा फुकट गेला.

* * *

लोणावळ्याच्या एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, "पानं न गळणारं झाड द्या. आमच्या पार्किंगमध्ये फार कचरा होतो."

पान म्हणजे यांच्या लेखी कचरा! माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मग प्लॅस्टिकचं घ्या."

"ते आहे हो हॉलमध्ये," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण त्याच्यावर धूळ फार बसते."

* * *

कारवीचा किस्सा सांगायलाच हवा. कारवी फुलते सात वर्षांनी एकदा. मग अख्खा डोंगर जांभळा होतो आणि साहेबांसारखे लोक तिथे जाऊन सेल्फी काढतात. तसा सेल्फी काढून आल्यावर साहेबांनी कुंपणाला कारवी लावायला सांगितली. मी आनंदाने लावली. आठवड्याने फोन आला.

"मॅडम, वास्तुशांत पुढच्या महिन्यात आहे. तोपर्यंत फुलेल ना?"

मी सात वर्षांचा हिशोब पुन्हा एकदा समजावून सांगितला.

"हो, पण खत जरा जास्त टाकलं तर?"

मी फोन आबांच्या हातात दिला. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सायेब, त्यापरीस वास्तुशांतच पुढं ढकला की!"

* * *

मग साहेबांच्या मॅडमना फुलपाखरं हवी झाली. आम्ही लिंबू, कढीपत्ता, रुई अशी झाडं लावली. फुलपाखरं अंडी घालतात ती अशाच झाडांवर. पावसाळ्यात अंडी आली, अळ्या झाल्या, पानं कुरतडली जायला लागली. मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या!

दोन दिवसांनी मॅडमचा फोन. "तुमची झाडं किडकी निघाली हं. पण तुम्ही काळजी करू नका, मी सगळ्यांवर फवारणी करून घेतली."

महिन्याने पुन्हा फोन. "फुलपाखरं अजून कशी नाही आली?"

आबा तेव्हा शेजारीच होते. त्यांनी फोनकडे बघून एवढंच म्हटलं, "पोरं मारली. आता आयबाप कशाला येतील?"

* * *

एकदा बेडशाच्या बाजूला एका कातळसड्यावर गेले होते. वरवर पाहिलं तर नुसता खडक आणि गवत, पण भाद्रपदात तिथे बारीक बारीक फुलांचा असा काही गालिचा पसरतो की पाऊल कुठे टाकावं कळत नाही. आणि त्या दिवशी तिथे दोन बस भरून माणसं, सगळ्यांचे टी-शर्ट हिरवे! कुठल्याशा कंपनीचं वृक्षारोपण चाललं होतं. तो गालिचा कुदळींनी उपटून बाजूला ढीग लावला होता आणि खड्ड्यांत गुलमोहर लावत होते.

मी ओरडलेच, "अहो, हे काय करताय?"

मॅनेजर हसून म्हणाले, "ओसाड जागा हिरवी करतोय. सगळी देशी झाडं आहेत."

"गुलमोहर देशी नाही!"

"असं कसं? आमच्या शाळेत होता!"

त्यानंतर त्यांनी मला निसर्गाबद्दल थोडं पॉझिटिव्ह राहायला सांगितलं आणि एक टी-शर्ट दिला. तो मी नर्सरीत फरशी पुसायला वापरते.

* * *

आता खरं दुखणं.

साहेबांच्या बंगल्यामागे ओढ्याकाठी एक पट्टा आहे. तिथे मी काही लावलं नाही, कारण लावायची गरजच नव्हती. भारंगी, टाकळा, कुर्डू, करटुल्याचे वेल, सगळ्या रानभाज्या आपापल्या उगवतात. सुगरणी, मुनिया अशी पाखरं तिथे येतात. आणि आबांची बायको, पारूमावशी, येते. लग्न होऊन आली तेव्हापासून पावसाळ्यातली भाजी ती याच पट्ट्यातून नेते. जमीन गेली तरी ते सुटलं नव्हतं. साहेब येतात शनिवार-रविवारी, मावशी येते मधल्या वारी, ओढ्याच्या बाजूने. त्या दोघांची कधी गाठ पडली नाही.

एका रविवारी साहेब त्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे सगळं काढून टाका. लॉनचे रोल टाकू. पुढच्या सोमवारी जेसीबी येतोय."

मी तासभर भांडले. मुळांनी ओढ्याचा काठ कसा धरून ठेवलाय, पाखरं कशी येतात, सगळं सांगून झालं. कॉलेजात इतक्या पोटतिडकीने शिकवलं नव्हतं!

"तुमचं सगळं बरोबर असेल," साहेब म्हणाले, "पण दिसतं फार गावठी."

गावठी! रविवारच्या जेवणाला कोंबडी मात्र गावठीच लागते यांना! तळपायाची आग मस्तकात गेली. आबा बाजूला उभे होते. संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, ही भाजी गेली तर घरची लय खचंल. जमीन गेली तवा न्हाई रडली. पन ह्याला रडंल."

* * *

सोमवार आला आणि जेसीबी आलाच नाही! मंगळवारी मी बघायला गेले. पट्टा जागच्या जागी होता आणि झाडाझाडापाशी माझ्याच पाट्या उभ्या होत्या. विद्यार्थ्यांसाठी केलेल्या जुन्या पाट्या, नर्सरीत पडून होत्या. वर इंग्रजी अक्षरात शास्त्रीय नाव, खाली मराठी नाव. पण इथे खालची ओळच नव्हती! आबांनी करवतीने प्रत्येक पाटीचा खालचा भाग कापून टाकला होता.

"आबा! माझ्या पाट्या का कापल्या?"

"मराठी वळ दिसली की झाड गावठी व्हतंय," आबा म्हणाले. "सायेब काल सकाळीच आलं, जेसीबी दाखवायला. पाट्या वाचल्या आन् जेसीबीला फोन केला, येऊ नगंस म्हून. मला इचारत्यात, कुटनं मागवलं? म्या म्हनलं, मला काय वाचता येतंय? बाईंची पाटी हाय, तुमीच वाचा."

तेवढ्यात मला साहेबांचा फोन. "मॅडम, इम्पोर्टेड प्लांट्स आहेत हे आधी का नाही सांगितलंत?"

आयुष्यभर खरं शिकवलं, ते कुणी ऐकलं नाही. अर्धी पाटी कापली तर लगेच पटलं! मला इतका राग आला की रडू फुटेल असं वाटलं. पण समोर भारंगी उभी होती. मी म्हटलं, "राहून गेलं सांगायचं."

* * *

त्यानंतर आली पंधरा ऑगस्टची सुट्टी, ती आली नेमकी गुरुवारी. साहेबांकडे पाहुणे होते आणि बाग दाखवायला मला मुद्दाम बोलावलं होतं. पट्ट्याभोवती आता पांढरा दोर बांधला होता. भारंगी निळसर फुलांनी भरली होती. साहेब पाटी वाचत होते, "रोथेका सेराटा. फार नाजूक असते ही. आपल्या हवेत टिकवणं सोपं नाही." पाहुणे फोटो काढत होते.

आणि ओढ्याच्या बाजूने पारूमावशी वर आली. तिच्या लेखी गुरुवार म्हणजे मधलाच वार! ती दोराखालून वाकून आत शिरली आणि रोजच्यासारखी भाजीसाठी फुलं खुडून पदराच्या ओट्यात टाकायला लागली.

"अहो मावशी! हात नका लावू!" साहेब धावलेच. "ते फॉरेनचं आहे!"

मावशीचा हात थांबला. तिने हातातल्या भारंगीकडे पाहिलं. मी तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी जेसीबी दारात होता.

"आबा, बघता काय नुसते?" साहेब म्हणाले. "सांगा ना या बाईंना. आपल्या इथलं नाही म्हणावं हे."

आबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग बायकोकडे न बघता म्हणाले, "ऐकलंस न्हवं? ही हितली न्हाई."

मावशीने ओटा सोडला आणि सगळी फुलं पाटीच्या बुडाशी ओतली. पदर झटकला.

"बरं," ती म्हणाली. "मग माझी बी एक पाटी लावा. मी कुटली त्ये तरी कळंल."