टँकरच्या ग्रुपवरचं नवं गाणं

पडेगावच्या पुढं, मिटमिट्याच्या अलीकडं जी बरड जमीन होती, तिच्यावर एका बिल्डरनं प्लॉट पाडले आणि वसाहतीचं नाव ठेवलं सागरदर्शन नगर. ठेवताना तो हसला नव्हता म्हणतात. घरं उठली, रंग लागले, गच्च्यांवर काळ्या टाक्या चढल्या, नळ तेवढे यायचे राहिले. चोवीस सालच्या उन्हाळ्यात तर आधीच्या पावसाळ्यानं हात वर केलेले, बोअर नुसत्या फुसफुसत होत्या. नव्या जलवाहिनीचे पाइप रस्त्याच्या कडेनं पडले होते, माणूस आत उभा राहील एवढे. त्यांत पोरं लपाछपी खेळत आणि कुत्री दुपारची झोप काढत. पाणी येई टँकरनं, आणि टँकर येई स्वतःच्या मर्जीनं.

याच नगरात कोपऱ्यावर रत्नमाला जोगदंडची पिठाची गिरणी होती. नवरा रामकिसन रिक्षा चालवायचा आणि दिवसाकाठी जेमतेम रिक्षाच्या पाटीत मावतील एवढे शब्द बोलायचा. त्याच्या वाटचं बोलणं रत्नमाला करायची. गिरणीच्या खडखडाटात सगळं नगर तिच्याशी ओरडून बोले, तीही ओरडून उत्तर देई, आणि गिरणी बंद झाली तरी दोन्हीकडचा आवाज तसाच चढलेला राही. बिछान्यावर झोपलेल्या कुणाच्या बाळाची चौकशीसुद्धा ती अशी करायची, की बाळ उठून स्वतःच उत्तर देईल.

पण तिचा कान तिखट होता, आणि तिला एक नाद होता. शुक्रवार उजाडला, की मोबाइलवर नवी गाणी धुंडाळायची. कंपनीनं वाजतगाजत आणलेली नव्हे. कुणी खोलीत गोधड्या लावून रेकॉर्ड केलेली, कुणी बहिणीच्या पैशांनी माइक घेऊन गायलेली. जी गाणाऱ्याचा मामा आणि मामाचे दोन मित्र सोडून अजून कुणी ऐकली नाहीत, अशी. हजारो लोकांनी ऐकलेलं गाणं दिसलं की ती पुढं सरकायची. त्याला आपली काय गरज, म्हणायची, त्याचं लग्न लागलंय. एका कानात इअरफोन घालून ती गिरणी चालवे, आणि त्या खडखडाटातूनही जे गाणं कानात येऊन बसे, ते पास.

पास झालेलं गाणं ती ग्रुपवर टाकी. ग्रुप कुठला, तर टँकरचा. त्याचं नावच ‘पाणी आलं का’ असं होतं. टँकरवाला कडुबा भरण्याच्या ठिकाणाहून निघाला, की रत्नमालाला मिस कॉल द्यायचा आणि तिनं ग्रुपवर कळवायचं, एवढंच त्या ग्रुपचं काम. एकदा कडुबा रेल्वेच्या फाटकाशी अडकला, उन्हात बाया हंडे घेऊन ताटकळल्या, पहिला हंडा कुणाचा यावरून भांडण पेटायला आलं, तेव्हा रत्नमालानं एक गाणं टाकून दिलं. खाली लिहिलं: “गाणारा दौलताबादचा. सीताफळं विकतो. आवाज सीताफळासारखा, बिया कमी.” भांडण हसण्यावारी गेलं. पुढच्या टँकरला बायांनीच विचारलं, आज गाणं नाय का?

तेव्हापासून रीतच पडली. कडुबाचा मिस कॉल आला की रत्नमाला नवं गाणं टाकणार. पारूबाईच्या घरी ते आधी वाजणार, कारण पारूबाईचा फोन सदा हातात आणि आवाज सदा शेवटच्या घरापर्यंत. तिचं ऐकून समोरचा लावणार, त्याचं ऐकून मागची गल्ली. एकच गाणं तीन घरांतून एकदम वाजायला लागलं, की समजायचं, टँकर निघाला. ज्यांच्याकडं फोन नाही त्यांनाही कळे. गाणं संपेस्तोवर पाइप जोडायचा, ड्रम सरकवायचा, चप्पल शोधायची. तोवर कोपऱ्यावर कडुबाचा हॉर्न. शहागंजच्या एका पोरीचं दख्खनी रॅप आलं, त्याखाली रत्नमालानं लिहिलं, “शब्द लई जोरात येतात. पाणी असंच आलं असतं तर.” एका नव्या भीमगीतावर तर हंडे ठेवून दोघींनी फेर धरला.

पिशोरचा बिभीषण तिला या नादातूनच सापडला. मेंढपाळाच्या घरातला, वाळूजला कंपनीत मशिनवर कामाला, रांजणगावात भाड्याच्या खोलीत राहणारा. कपाटात डोकं घालून गायचा, कारण बाहेर शेजाऱ्याचा कुकर ऐकू येई. त्याची दोन गाणी नेटवर येऊन गेली, रत्नमालानं नंबर शोधून फोन केला तेवढाच, बाकी कुणी हुंकार दिला नाही. तिसरं त्यानं तिला आधीच सांगून ठेवलं. हेबी असंच गेलं तर सगळं काढून टाकणार आणि माइक विकून मोकळा होणार, असं तो फोनवर सांगत होता, आणि ते खरं वाटेल अशा थंड आवाजात सांगत होता.

“शुक्रवारी टाक,” रत्नमाला म्हणाली. “बाकी मी बघते. माझं नगर ऐकतं.”

हे वाक्य तिनं गिरणीतल्या आवाजात म्हटलं, त्यामुळं सगळ्या नगरानंही ऐकलं.

शुक्रवारी सकाळी गिरणीत पारूबाईची ज्वारी पडत होती आणि रत्नमालाच्या कानात बिभीषणचं गाणं सुरू झालं. आधी मशिनचा ठोका, धप-चक, धप-चक. मग एकदम लांबून त्याच्या बापाची हाळी, मेंढरं वळवतानाची, आणि त्या हाळीवरच चाल उचललेली. ‘बापाच्या मागं मेंढरं चालती, माझ्या मागं सुपरवायझर’ अशी ओळ आली आणि रत्नमालानं गिरणी बंद केली. पारूबाईची ज्वारी निम्मी पीठ, निम्मी दाणे. बंद गिरणीत तिनं गाणं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. दुसऱ्यांदा हाळी आली तेव्हा तिचा अंगठा आपसूक चालला. कडुबाचा मिस कॉल आला नव्हता. तो येणारही नव्हता, त्याचा टँकर त्या दिवशी दुसऱ्याच वसाहतीत होता. गाणं मात्र ग्रुपवर गेलं.

पारूबाईच्या घरी वाजलं. समोर वाजलं. मागच्या गल्लीत वाजलं.

आणि सागरदर्शन नगर रस्त्यावर आलं. एकाच्या गालावर साबणाचा फेस, अर्धी दाढी झालेली. एकीच्या हातात पिठाचा गोळा. सगळ्यांच्या पुढं तात्यासाहेब, कोर्टातून निवृत्त झालेले पेशकार, बनियन आणि टॉवेलवर, खांद्यावर हिरवा पाइप असा, जणू नागपंचमीला निघालेत. रांग लागली, ड्रम मांडले, गाणं संपलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा संपलं. कोपऱ्यावर एक भंगारवाला तेवढा आला.

रत्नमाला गिरणीतून बाहेर आली. चूक तिची होती आणि ती लपवणारी नव्हती. टँकर नाय, गाणं नुसतंच टाकलं, माझ्याकडून झालं, असं तिनं उभ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. आणि लगेच, त्याच दमात, की गाणं कसंय ते सांगा.

पारूबाई म्हणाली, “बाई, मी भाकर तव्यावर टाकून आले. आता गाणं खाऊ का?”

लोक परत गेले ते तसेच नाही गेले. रागाला वाट पाहिजे असते, ती त्यांना मोबाइलमध्ये सापडली. संध्याकाळी बिभीषणचा फोन आला. तो हळू बोलत होता.

“ताई, माझ्या गाण्याखाली लोक पाणी मागू राहिले.”

रत्नमालानं उघडून पाहिलं. गाण्याखाली पहिलीच कॉमेंट: ‘टँकर कुठंय’. तिच्याखाली: ‘फसवणूक’. मग: ‘आमच्या गल्लीत आलंच नाय’. मग: ‘दोन ड्रम रिकामे आहेत कोण जबाबदार’. सगळ्यांत खाली, पूर्ण वाक्यात, विरामचिन्हांसकट: ‘सदर गीताचा व पाण्याचा परस्परांशी काहीही संबंध नसल्याचे निदर्शनास आले.’ तात्यासाहेब. गाण्याबद्दल एक अक्षर नाही.

बिभीषण म्हणाला, काढून टाकतो. बापाला ऐकवलं होतं, बाप विचारतोय खाली काय लिहिलंय, त्याला काय वाचून दाखवू.

“काढायचं नाय,” रत्नमाला म्हणाली. “हे लोक गाण्यावर नाय रागावले, पाण्यावर रागावलेत. पाणी येऊ दे. तोवर ठेव.”

तो कसाबसा थांबला. पाण्यानंतरही हेच राहिलं तर काढणार, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेबांनी गिरणीसमोर बैठक घेतली. घसा खाकरून, अंहं-अंहं असं दोनदा करून, त्यांनी ठराव मांडला: सदर ग्रुपवर यापुढे फक्त पाणीविषयक मजकूर. पारूबाईनं पिठाचा हात वर केला, तिचं बघून बाकीच्यांनी केले. रत्नमाला बरं म्हणाली. रामकिसन रिक्षात बसून हे बघत होता. एवढ्या लवकर बरं म्हणणारी बायको त्यानं लग्नापासून पाहिली नव्हती, पण त्या दिवशीचे शब्द संपले होते म्हणून तो काही बोलला नाही.

पुढचा टँकर बुधवारी निघाला. कडुबाचा मिस कॉल आला आणि रत्नमालानं ठरावाप्रमाणं, मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘टँकर निघाला आहे.’ एकदा लिहिलं, पुन्हा एकदा लिहिलं. तिनं त्यात काही काळंबेरं केलं नाही. पण ठराव असूनही ग्रुपवर त्या सकाळी गुलाबाची फुलं होती, सुविचार होते, हरवलेल्या बकरीचा फोटो होता, आणि निम्म्या नगरानं ग्रुपचा आवाज कधीचा बंद करून ठेवलेला होता. संदेश वाचायला फोन उघडावा लागतो. गाणं तर भिंतीवरून येत होतं.

कडुबानं हॉर्न दिला, पण तो त्या रस्त्यानं जाणारा प्रत्येक ट्रक देतो. कोपऱ्यावरची चार घरं आली, रत्नमालानं गिरणीतून धावत जाऊन दारं वाजवली तेवढी पाच-सहा आली. राहिलेलं पाणी कडुबा पुढच्या वसाहतीला घेऊन गेला. तिथले लोक ड्रम लावूनच बसले होते. तात्यासाहेबांच्या दारावरही रत्नमालानं थाप मारली होती. ते आत पंखा लावून दुपारचं निजले होते. उठले तेव्हा रस्त्यावर फक्त ओली चाकोरी होती, आणि तीही वाळत चाललेली.

दोन दिवसांनी संध्याकाळी ते गिरणीवर आले. हातात पिठाचा डबा होता, पण तो रिकामा. दळायला काही आणलेलं नव्हतं, नुसता आधाराला डबा. मागं पारूबाई, तिच्या मागं आणखी बाया.

“अंहं,” तात्यासाहेब म्हणाले. “जोगदंडबाई, तो ठराव... त्याचा फेरविचार व्हावा, असं सर्वांचं मत पडतंय.”

“मत काय पडतंय,” पारूबाई मागून म्हणाली. “गाणं टाक गं बाई. पाणी गेलं आमचं.”

रत्नमालानं गिरणी बंद केली. हे तिला ओरडून सांगायचं नव्हतं.

“टाकते. मिस कॉल आल्याबिगर टाकणार नाय, हा शब्द. पण पहिलं गाणं तेच जाईल, मागच्या शुक्रवारचं. आणि ऐकून झालं की त्याच्याखाली काय वाटलं ते लिहायचं. पाण्याचं नाय, गाण्याचं.”

तात्यासाहेबांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. त्या गाण्यानं त्यांना टॉवेलवर रस्त्यात उभं केलं होतं. पण घरात सून दोन दिवस शेजारून हंडा मागून आणत होती, आणि शेजारीण तो देताना दर वेळी ठरावाची आठवण काढत होती.

“मान्य,” ते म्हणाले.

कडुबाचा मिस कॉल शनिवारी आला. रत्नमालानं गाणं टाकलं आणि खाली लिहिलं: “पिशोरचा बिभीषण. हाळी त्याच्या बापाची. मेंढरं वळतात, तुम्हीबी वळा, टँकर निघालाय.”

धप-चक, धप-चक. पारूबाईकडं वाजलं, समोर वाजलं, मागच्या गल्लीत वाजलं, आणि मग बापाची हाळी अशी निघाली की पाइपात झोपलेली कुत्री बाहेर आली. पारूबाई सोयगावकडची, तिचं माहेरही मेंढरांचंच. हंडा कमरेवर घेऊन ती दारातच थबकली. मागचे म्हणाले, चल की. ती म्हणाली, थांबा, पुन्यांदा येती का बघू. पुन्हा हाळी आली तेव्हा तिनं हंडा खाली ठेवला आणि तोंडाशी हात नेऊन तशीच उलटी हाळी दिली, तिच्या बापाची असावी तशी. सगळी ओळ हसली. कोपऱ्यावर कडुबानं हॉर्न दिला. तात्यासाहेब या वेळी शर्ट घालून आले होते.

संध्याकाळी टाक्या भरलेल्या होत्या आणि गल्लीत सगळ्यांची डोकी मोबाइलमध्ये होती. ‘टँकर कुठंय’च्या खाली त्याच माणसानं लिहिलं, ‘आला. सुपरवायझरचं कडवं खरंय भाऊ, माझ्या मागंबी असतो.’ फसवणूकवाल्यानं लिहिलं, ‘फसवणूक नव्हती.’ पारूबाईला लिहिता येत नव्हतं, तिनं बोलून पाठवलं आणि मोबाइलनं ते उमटवलं: ‘पोरा बापाला सांग हाळी बरोबर हाय शेवटाला अजून लांबव.’ आणि तळाशी: ‘सदर गीत आज पूर्ण ऐकले. चाल चांगली आहे. शब्द ठीक. पाणी प्राप्त.’

बिभीषणचा फोन आला तेव्हा गिरणी चालू होती. तो या वेळी मोठ्यानं बोलत होता, तरी तिला दोनदा विचारावं लागलं. बापाला सगळं वाचून दाखवलं, म्हणाला. बाप शेवटाला अजून लांबवायला तयार आहे. कोण बाई म्हणाली ते विचारतोय. आणि पुण्याच्या कुणीतरी खाली लिहिलंय, गाणं आवडलं, पण इथले सगळे पाण्याचं का बोलतात?

“त्याला काय सांगू, ताई?”

“सांग, पुढचं गाणं ऐकायला इकडं ये,” रत्नमाला ओरडली. “येताना हंडा आण.”