डोळे शेवटी

"डोळे शेवटी," असं म्हणून भावजी उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायचे, श्वास धरायचे, आणि त्या वेळी कारखान्यात कुणी शिंकलं तर त्याची धडगत नसायची.

गणपतीच्या डोळ्यांची आखणी हे त्यांचं काम. पेणमध्ये मूर्तींचे कारखाने गल्लोगल्ली आहेत, तुम्ही पाहिले असतील. मूर्ती घडते, वाळते, घासून गुळगुळीत होते, रंग चढतो, मुकुट सोनेरी होतो, आणि सगळं झालं की डोळे. तोवर ती नुसती माती. भावजींनी हा नियम घरातही लावला होता. नवी स्कूटर घेतली तेव्हा घरी हळदकुंकू लागेपर्यंत तिच्या पुढच्या दिव्यावर वर्तमानपत्र चिकटवलं होतं.

मी म्हटलं, "मग दुकानातून घरापर्यंत आंधळीच चालवलीत काय?"

"आंधळी गाडी चालवतात काय कोण? ढकलत आणली."

खरंच ढकलत आणली होती. घामाने निथळत होते.

माझे यजमान आणि ते एका वर्गात होते, म्हणून ते माझे भावजी. माझ्या अंगणाला लागून त्यांचा कारखाना. मी पोह्याचे पापड करते. पापड उन्हात वाळत घातले की नेमकी तेव्हाच पलीकडे मूर्ती घासायला घ्यायचे, आणि ती पांढरी धूळ कुंपणावरून सरळ माझ्या खाटेवर. मी ओरडायचे, "भावजी, माझे पापड!" पलीकडून उत्तर यायचं, "घे गो वयनी, बाप्पाचा प्रसाद हाय!" हे आमचं वर्षानुवर्षं चाललेलं भांडण. कुणी मिटवायला आलं तर दोघांनाही राग यायचा.

मग त्यांना लकवा मारला. थंडीचे दिवस होते. चहाचा कप तोंडाशी नेता नेता खाली पडला, एवढंच. बोलणं आठवड्याभरात परत आलं, पाय ओढत का होईना चालू लागले, पण उजवा हात परत आला नाही. होता जागेवरच, पण सोयरिकीला आलेल्या पाहुण्यासारखा मांडीवर बसून असायचा. उचलला की कापायचा. दवाखान्यातून दाबायला मऊ चेंडू दिला होता. तो त्यांनी माझ्या अंगणात भिरकावला.

"मी काय पोर हाय चेंडू खेळाया?"

"डाव्या हाताने टाकलात. उजव्याने टाका, मग बोला," मी म्हटलं. मला गोड बोलता येत नाही.

ते कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, पण पाठ आतल्या बाजूला. आत त्यांच्या हाताखाली तयार झालेले कारागीर डोळे आखत होते. बरेच आखत होते. भावजी एकदाही वळून पाहत नव्हते. गिऱ्हाईक यायचं, आतल्या मूर्ती बघायचं आणि बाहेर येऊन विचारायचं, "तुम्ही आखलेली एखादी नाय का?" तेव्हा ते रस्त्याकडे बघायचे. त्या माणसाला हात गेल्याचं दुःख नव्हतं. जेवण डाव्या हाताने जात होतं, आंघोळ होत होती. पुन्हा डोळे आखता येतील की नाही, तेवढंच त्यांना कळायला हवं होतं, आणि ते त्यांना कुणी सांगत नव्हतं.

त्यांची लेक शुभा रोह्याला कंपनीत आहे. शिफ्ट करते, पोक्त बाई. तिला रिमोटच्या गाड्यांचा नाद. पोराबाळांसाठी नाही, स्वतःसाठी. सुट्टीच्या दिवशी कंपनीतली चार माणसं आणि ही बाई कापलेल्या भातशेतात गाड्या पळवतात. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी विचारलं, "एवढी मोठी झालीस गो, गाड्या खेळतेस?" ती म्हणाली, "तू टीव्हीवर दुसऱ्यांची भांडणं बघतेस, त्याचं काय?" बापाची लेक.

एका रविवारी ती गाडी घेऊन आली आणि बापाच्या मांडीवर ठेवली. वीतभर रुंद, हातभर लांब, फुगीर चाकं, पोटात मोटर.

"बाबा, ही शिकणाऱ्या माणसाची गाडी. आतली दात्यांची चाकं प्लास्टिकची, मोटर पण साधीच. मला लोखंडाचे दाते आणि जोरदार मोटर बसवून दे."

"मी?"

"मग कोण? माझी शिफ्ट असते."

ती गेली. भावजी गाडीकडे बघत बसले. मी कुंपणावरून म्हटलं, "कच्च्या दात्यांची गाडी दात गेलेल्या माणसाकडे आली." माझेही गेलेलेच आहेत, म्हणून मला बोलायची मुभा होती.

पहिली चूक त्यांनी हौसेपायी केली. दाते बदलायच्या आधीच मोटर बदलली. नवी मोटर बघून त्यांना राहवेना. अंगणात गाडी ठेवली, रिमोटचा बंदुकीसारखा घोडा ओढला, आतून 'कर्रर्र' असा आवाज आला आणि गाडी जागची हलली नाही. उघडून बघतात तर प्लास्टिकच्या चाकाचे दाते सपाट. किसणीवर किसल्यासारखा चुरा.

"मोटर पैलवान आणि दाते दुधाचे," भावजी म्हणाले, आणि लकवा मारल्यापासून पहिल्यांदा हसले. तोंड एका बाजूने हसलं. मी दुसऱ्या बाजूला बघितलं नाही.

मग लोखंडी चाक आलं आणि मोटरच्या दांड्यावर बसणारं छोटं पितळी चाकही आलं. त्या छोट्या चाकाला एक स्क्रू असतो, पोह्याच्या दाण्याहून बारीक. तो उजव्या हातातून पडला, मूर्ती घासून साचलेल्या धुळीत. तुम्ही काय केलं असतं ते मला ठाऊक नाही. भावजींनी माझी पिठाची चाळण नेली आणि अंगणातली धूळ चाळायला घेतली.

"भावजी, त्या चाळणीने मी पीठ चाळते!"

"मग आता स्क्रू चाळतो."

सापडला. परत पडला. परत चाळला. मी ती चाळण त्यांनाच देऊन टाकली आणि बाजारातून दुसरी आणली.

दोन चाकांचे दाते एकमेकांत किती घुसवायचे, यावर सगळा खेळ. भावजींनी आधी घट्ट बसवले, तर गाडी किंचाळायची आणि मोटर अशी तापायची की तिच्यावर पापड भाजला असता. मग सैल केले, तर दाते एकमेकांवरून कटकट उड्या मारायचे. मग त्यांना वाटलं, तेल घालावं. पापड लाटायला मी वाटीत तेल घेऊन बसते, त्यातलंच मागितलं. मी दिलं. आवाज एकदम मऊ झाला. दोघं खूश. दोन-चार दिवस ती गाडी त्यांनी कारखान्याच्या अंगणात पळवली, त्या पांढऱ्या धुळीत.

मग उघडली तर पितळी चाकाचे दाते सुईच्या टोकासारखे झालेले. आत तेल आणि मूर्तीची धूळ यांचा राखाडी लगदा. भावजींनी तो बोटांवर घेऊन चोळला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"वयनी, जन्मभर मी दुसरं काय केलं? मूर्ती घासली. आता हिच्या पोटात घासायचं सामान मीच भरलं!"

पेणच्या माणसाशिवाय ही चूक कुणी करणार नाही. तेल माझं आणि धूळ त्यांची.

शुभाने नवं पितळी चाक पाठवलं. फोनवर सांगितलं, "तेल नको. झाकण लाव. आणि दोन चाकांच्या मधे कागदाची पट्टी घाल, चाकं दाबून धर, स्क्रू आवळ, मग कागद ओढून काढ. कागद होता तेवढीच फट राहील, तीच बरोबर." भावजींनी वर्तमानपत्राचा कागद घालून बघितला, तो पातळ. कॅलेंडरचा बघितला, तो जाड. मग कुंपणाशी आले.

"वयनी, पापडाच्या चळतीत घालतेस तो कागद दे जरा."

तो बरोबर बसला.

त्या दुपारी मी पापड लाटत होते आणि ते माझ्या समोरच, अंगणातल्या पाटावर गाडी घेऊन बसले होते. डाव्या हाताने मोटर दाबून धरायची, म्हणजे स्क्रू आवळायला उजवाच हात. दुसरा उपाय नव्हता. मी म्हटलं, "मी धरू का?" म्हणाले, "नको." बारीक चावी उजव्या हातात घेतली. चावीचं टोक स्क्रूच्या आजूबाजूला टकटक आपटू लागलं, कोंबडी दाणे टिपते तसं. भोकात काही जाईना. घाम कानामागून मानेवर आला. मला वाटलं, आता गाडी पण चेंडूसारखी भिरकावणार.

त्यांनी चावी बाजूला घेतली. मग करंगळी पुढे केली आणि गाडीच्या पत्र्यावर टेकवली, मूर्तीच्या गालावर टेकवावी तशी. श्वास धरला.

हात थांबला.

मी पाहिलं ते सांगते, त्यात माझ्या पदरचं काही नाही. खांद्यापासून सुरू झालेली ती थरथर मनगटापर्यंत आली, करंगळीत उतरली आणि तिथून जणू पत्र्यात जिरली. चावी सरळ भोकात गेली. फिरली. आणखी फिरली. त्यांनी कागदाचं टोक धरून ओढलं, तर कागद मधून दात्यांची सुबक नागमोडी नक्षी घेऊन बाहेर आला. माझं लाटणं हातात तसंच होतं आणि खालचा पापड वाळून कडक होत होता. मी कंपनीच्या धूर ओकणाऱ्या चिमण्या पाहिल्या, पुरात रस्त्यावरून होड्या गेलेल्या पाहिल्या, पण आ वासून बसण्याचा माझा स्वभाव नाही. त्या दिवशी मात्र बसले.

"बघतेस काय? पापड लाट," भावजी म्हणाले. आवाज ओला होता. माझाही झाला असता म्हणून मी लाटणं फिरवायला घेतलं.

गाडीचं वरचं टोपण त्यांनी डाव्या हाताने पांढरं रंगवलं होतं. पुढचे दोन दिवे मात्र कोरेच ठेवले. का, ते मला विचारायची गरज नव्हती.

मग आम्ही रेल्वेने रोह्याला निघालो. मला पापड द्यायचे होते, त्यांना गाडी. गाडी माझ्याच टोपलीत ठेवली, वर फडकं. कासू स्टेशन गेलं आणि टोपली अचानक घुरघुरून माझ्या मांडीवरून उडाली. समोरची कोळीण किंचाळली, "उंदीर, गो बाय, उंदीर!" सगळा डबा पाय वर घेऊन बसला. गाडीचं बटन चालू राहिलं होतं आणि खिशातला रिमोट भावजी चाचपून बघत होते. ते अगदी शांतपणे म्हणाले, "घाबरू नको. पेणच्या गणपतीचा हाय, चावत नाय." नागोठणे येईपर्यंत डबा हसत होता. माझे वरचे पापड मोडले ते मोडलेच. निडीपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

शुभाच्या घरामागे भात कापलेलं शेत होतं, जमीन तडकलेली, धसकटं उभी. तिने गाडी खाली ठेवली आणि घोडा ओढला. मी गाडी जाताना पाहिलीच नाही, धुळीची रेघ तेवढी पाहिली. पार बांधापर्यंत गेली, बांधावरून उडाली, हवेत कोलांटी घेते असं वाटलं आणि चार चाकांवर येऊन परत आमच्याकडे फिरली. आवाज कसा, तर एकसारखा, बारीक, शिट्टीसारखा. कुठे कटकट नाही की किंचाळणं नाही. कंपनीतली माणसं आपापल्या गाड्या हातात घेऊन नुसती उभी राहिली.

शुभा म्हणाली, "बाबा, दिवे रंगवायचे राहिलेत. डोळे."

"डोळे शेवटी."

"झालं की सगळं आता!"

"नाय झालं. आधी तिकडं."

तिकडं म्हणजे कारखान्यातल्या मूर्तीला, ते तिला कळलं. तिने मान वळवून धूळ गेल्यासारखे डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी कारखान्यात गेले. खुर्ची आत नेऊन ठेवली. मी निमित्त काढून चाळण मागायला गेले, जी मीच देऊन टाकली होती. त्यांच्यापुढे वीतभर उंचीची मूर्ती होती, डोळ्यांच्या जागी कोरी. कारागिरांनी हात थांबवले. भावजींनी कुंचल्याला टोक काढलं, करंगळी गालावर टेकवली. श्वास त्यांनी धरला, आम्हीही धरला. एक डोळा. मग दुसरा. दुसऱ्याची पापणी वळवताना रेघ केसभर वर गेली.

बराच वेळ बघून म्हणाले, "डावा जरा हसतोय." एक कारागीर म्हणाला, "पुसू का?" तर त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरला. "हसू दे. हसण्यासारखंच झालंय." ती मूर्ती त्यांनी विकली नाही, मला दिली. माझ्या कोनाड्यात आहे.

त्या सालच्या लहान मूर्ती त्यांनीच आखल्या. मोठ्यांना उभं राहावं लागतं, ते जमलं नाही. गाडी शुभाकडे रोह्यालाच होती, तिचे डोळे राहून गेले. पुढच्या थंडीत दुसरा झटका आला आणि ते गेले. सकाळी कारखान्यात होते, संध्याकाळी नव्हते.

शुभा आता महिन्यातून एकदा येते, कारखान्याचं बघायला. परवा आली तेव्हा ती गाडी घेऊन आली होती आणि अंगणात सोडली. माझे पापड वाळत होते. धूळ उठली, कुंपणावरून आली आणि खाटेवर पसरली. सवयीने मी ओरडले, "भावजी, माझे पापड!"

ओरडले आणि थांबले. पलीकडे शुभाही थांबली, पण घोडा तिच्या बोटाखालीच राहिला. गाडी गोल गोल फिरत राहिली. तो बारीक, एकसारखा आवाज तेवढा येत होता, मधे कागदाएवढी फट असल्याचा. दर फेरीला तिचं पांढरं तोंड माझ्याकडे वळायचं, दोन्ही दिवे कोरे.

मी पापड झटकले नाहीत. तसेच वाळू दिले.