शिकायला दिलेला चेहरा

"पाह्यून घे," असे म्हणून ती आपला एकुलता डोळा मिटत असे.

समोर बसलेल्या मुलीला निवांत पाहता यावे म्हणून. आपण पाहत असताना आपल्याला कोणी पाहत नाही अशी खात्री झाली की माणूस पोटभर पाहतो, आणि एकदा पोटभर पाहिले की हात कापत नाही, असा तिचा अनुभव होता. तेवढा वेळ ती मांडीवर हात ठेवून, हनुवटी किंचित वर करून बसून राही. मग विचारी, "झालं पाहून? आता घे पावडर."

चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, तेव्हा मध्य प्रदेशात होते. नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून मी तिथे राहत होतो, आणि तिच्या आणि आमच्या घराची भिंत एकच होती. ती ओसरीवर टोपली मांडून फण्या, काळे मणी, मेण, कुंकू, काजळाच्या डब्या आणि पावडरीचे डबे विकी. बाजाराच्या दिवशी तीच टोपली डोक्यावर घेऊन बाजारात जाई. गल्ली तिला पावडरवाली म्हणत असे.

पोंभुर्ण्याकडच्या जंगलात मोहफुले वेचताना अस्वलाने तिला धरले होते. डावा डोळा गेला होता. त्या जागी नुसती मिटलेली कातडी होती. भुवईपासून जबड्यापर्यंत चार खोल वण उतरले होते आणि त्यांनी ओठाचा कोपरा वर ओढून धरला होता, त्यामुळे ती त्या बाजूने सदा थोडी हसत असल्यासारखी दिसे. चेहऱ्याची उजवी बाजू शाबूत होती, आणि ती देखणी होती.

अशा घटनांच्या बातम्या आम्ही मोहाच्या दिवसांत देत असू. 'स्त्री गंभीर जखमी, इस्पितळात दाखल' इतके लिहिले की आमचे काम संपे. इस्पितळातून ती बाहेर आल्यावर काय होते, हे बातमीत येत नाही. मला ते पुष्कळ वर्षांनी, शेजारी राहायला आल्यावर कळले. नवरा इस्पितळात एकदा येऊन बघून गेला आणि त्याने दुसरे घर केले. ती लहान मुलीला घेऊन चांद्यातच राहिली.

माझी पत्नी तेव्हा लग्न होऊन नुकतीच आली होती. तिच्या माहेरी पावडरीला मज्जाव होता. कचेरीतल्या एका अधिकाऱ्याच्या घरचे हळदीकुंकवाचे बोलावणे आले, तेव्हा तिने शेजारी जाऊन एक डबा मागितला. पावडरवालीने दिला नाही.

"लावता येते काय, वयनी?"

"त्यात काय यायचं?"

"तेच त. उद्या तुमी भूत होऊन हिंडान आन लोक मले इचारतीन, ही तुह्याच टोपलीतली काय वं? पैले शिका."

शिकायचे ते तिच्या चेहऱ्यावर. याला तिच्याकडे कारण होते. आरशात डावे-उजवे उलटते आणि नवखीचा हात गोंधळतो, म्हणून आधी दुसऱ्याच्या तोंडावर शिकावे. आणि तिच्याइतका अवघड चेहरा गल्लीत नव्हता. वणांच्या खाचांत पावडर साचे, वणांच्या कडांवरून घसरे. "इथी बसली त कुठीबी बसते," ती म्हणे. "आन बिघडलं त बिघडलं. याहून काय बिघडनार हाय?"

पत्नी त्या दिवशी परत आली ती सरळ माठाकडे गेली आणि उभ्या उभ्या पाणी प्याली. "त्यांनी मला गालाला हात लावायला लावला," इतकेच म्हणाली. रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

धडा साधा होता. तोंड बेसनाने धुऊन कोरडे करायचे, खोबरेल तेलाचे एक बोट फिरवायचे आणि तेही पुसून टाकायचे. पावडर डब्यातून गालावर झटकायची नाही. तळहातावर घेऊन दोन्ही हात एकमेकांवर चोळायचे, आणि हातांवर काही उरलेच नाही असे वाटले की मग ते गालाला टेकायचे. आधी मान, मग तोंड; नाहीतर तोंड एका बाईचे आणि मान दुसरीची दिसते. भुवया ओल्या फडक्याने टिपायच्या. काजळ करंगळीने. कपाळावर मेणाचा ठिपका, त्यावर कुंकू. इथे ती थांबे.

"बस. याच्या पुढं दंडार."

दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला नाटकतमाशा. त्यात मिशा काढलेले पुरुष पांढरीफेक तोंडे करून बायकांची सोंगे आणत. "रोजचं तोंड रोजच्यावानीच दिसलं पायजे," ती सांगे. "लावलं हे दिसलं त चुकलं."

मुलीने केलेले काम ती पुसत नसे. तसेच तोंड घेऊन विहिरीवर पाण्याला जाई. एक गाल पिठात पडल्यासारखा, कुंकू भुवईवर. विहिरीवरच्या बायका विचारीत, "आज कोन शिकली वं?"

"सुताराची धाकटी. कापते अजून."

आठवडाभराने तेच तोंड सारखे दिसू लागे, वण लांबून ओळखू येत नसत, आणि बायका म्हणत, "आता पाहा बाप्पा तिच्यासाठी पोरगा." सबंध गल्लीला कोणाची मुलगी कितपत शिकली हे या एका चेहऱ्यावर वाचता येत असे. तुमच्याही गल्लीत असे एखादे माणूस असेल, ज्याच्याकडे पाहून इतरांची खबर कळते. फक्त ती खबर अशी तोंडावर रंगवलेली पाहायला मिळत नाही.

त्या चेहऱ्यावर कधीच न शिकलेली मुलगी गल्लीत एक होती. ती तिची स्वतःची, वच्छला.

आई इस्पितळातून आली तेव्हा वच्छला जेमतेम चालू लागली होती. तिने आईला पाहिले आणि किंचाळून मामीच्या लुगड्यात तोंड लपवले. पुढे किती तरी दिवस ती जवळ आली नाही. तेव्हापासून आई मुलीकडे फक्त उजवा गाल करून बसे. जेवताना, रस्त्याने चालताना, झोपतानाही मुलगी उजव्या हाताला. मुलगी लग्नाची झाली तरी हा क्रम मोडला नव्हता. वच्छला आरशातच शिकली. माझ्या पत्नीने एकदा विचारले, "तिला का नाही शिकवत?"

"तिले काऊन दाखवू?" पावडरवाली म्हणाली. "पाह्यलं तिनं एकदा."

वच्छला आईसारखी दिसे, म्हणजे आईच्या उजव्या बाजूसारखी. सांगून आलेली दोन स्थळे आईला पाहून परत गेली. चेहरा हे कारण नव्हते, किंवा नुसता चेहरा हे नव्हते. अस्वल बाईला मारत नाही, उचलून नेते, अशी एक घाणेरडी समजूत त्या भागात आहे. परत आलेल्या बाईबद्दल लोक काय बोलत असतील ते तुम्ही ताडू शकाल. ती पाठमोरी झाली की चावडीवरची रिकामी माणसे तिला ज्या नावाने हाक मारत, ते मी इथे लिहीत नाही. ते तिला ऐकू जात असे.

तिसरे स्थळ तिच्या भावाने आणले. नदीपलीकडचे, कोरपन्याकडचे; कपाशीची शेती. नदीपलीकडे तेव्हा हैदराबाद राज्य होते आणि इकडची गोष्ट तिकडे सहसा पोचत नसे. भाऊ आमच्या ओसरीवर बसून चिंता करत होता. "लोक चांगले हायेत. पन पोरीची माय कुठी म्हनतीन त काय सांगू?"

"मेली म्हनून सांग," पावडरवाली म्हणाली.

भावाने चमकून वर पाहिले. तिने पुढे सांगितले,

"अस्वलानं मारली म्हना. अर्धीच खोटी गोष्ट हाय."

मी तोवर पुष्कळ मृत्यूंच्या बातम्या दिल्या होत्या. माणसाने स्वतःची दिलेली ही पहिली. पत्नी आतून बाहेर आली आणि रागाने म्हणाली, "बाई, तुम्ही जिवंतपणी असं कसं बोलता?"

"जिती राहून दोन स्थळं घालवली, वयनी. मेलेल्या मायच्या पोरीले लोक जपतात. माह्या पोरीले कोन जपते?" मग भावाकडे वळून तिने पुढचे सगळे ठरवून टाकले. कन्यादान मामा-मामीने करायचे. पाहुण्यांना तिच्या घरात आणायचे नाही. मुलगी आमच्या बैठकीत दाखवायची. "भाऊ, तुमची खोली देता काय?" तिने मला विचारले. मी हो म्हटले.

वच्छला दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. नाही म्हणाली नाही. मला जो धक्का बसला, तो आईच्या बोलण्यापेक्षा या गप्प राहण्याचा जास्त होता. आता इतक्या वर्षांनी वाटते, त्या वयाच्या मुलीने काय म्हणावे अशी माझी अपेक्षा होती, हे मला तेव्हाही सांगता आले नसते.

पाहुणे आले, सगळे पुरुषच होते. पावडरवाली आमच्या स्वयंपाकघरात पोहे करत होती. बैठकीत नवऱ्या मुलाच्या काकांनी विचारले, "पोरीची माय कशानं गेली?" मामाने सांगितले. काकांनी हळहळ व्यक्त केली. पत्नी पोह्यांच्या बशा न्यायला आत आली तेव्हा चुलीजवळून प्रश्न आला, "काय म्हनले?"

"म्हणाले, पोरीवरून वाटतं आई दिसायला चांगली असावी."

पावडरवाली झारा हातात धरून हसली. "पाह्यलं? मेल्यावर बाई सुंदरच होते." मग पोह्यांवर कोथिंबीर टाकली आणि म्हणाली, "गरम हायेत तवर न्या."

स्थळ जमले.

लग्न गल्लीतच झाले. पहाटे तिने वच्छलेला तयार केले, मागच्या खोलीत, दार लावून. मांडवात आलेल्या नवरीने काही लावले आहे असे कोणालाही वाटले नसते. मंगलाष्टके झाली, मामा-मामीने मुलीचा हात दिला. आई तेव्हा कुठे होती, ते मी पाहिले. मांडवाच्या मागे, भांडी घासायला बसलेल्या बायकांत. राखेचे हात तसेच धरून ती अक्षता पडताना ऐकत होती.

निघायची वेळ झाली. भाड्याची मोटार गल्लीच्या तोंडाशी उभी होती. वच्छला एकाएकी रडू लागली आणि थांबेना. काजळ गालांवर उतरले, कुंकू ओघळले. नवऱ्या मुलाची आई पुढे आली; जाडजूड, खणखणीत आवाजाची बाई. "अशी रडकी घरी नेऊ काय?" ती म्हणाली. "कोनी तोंड नीट करा वं हिचं."

मामीने पदराने पुसले आणि काजळ आणखी पसरले. तेव्हा पावडरवाली गर्दीतून आली. डोक्यावरचा पदर डाव्या गालावरून ओढून तिने दातांत धरला होता. कमरेची डबी सोडली, ओल्या फडक्याने मुलीचे गाल टिपले, तळहात चोळून टेकले, करंगळीने काजळ ठीक केले. मेणाचा ठिपका लावला. कुंकवाचे बोट कपाळाला लागले, तसे वच्छलेचे ओठ हलले. "मा—"

"हलू नको. कुंकू वाकडं होते."

बोलण्यासाठी तिला पदर सोडावा लागला. तो खांद्यावर पडला. वऱ्हाडातल्या बायका मागे सरल्या. कोणीतरी कडेवरच्या पोराचे तोंड फिरवले. तिने पदर पुन्हा घेतला नाही. कुंकू पुरे करायचे होते, ते केले.

"ह्या कोन?" सासूने विचारले.

मामा गप्प. मामी गप्प. सबंध गल्ली गप्प होती.

"मी पावडर लावनारी," ती म्हणाली.

सासू तिच्याकडे पाहत राहिली. दोन्ही चेहरे वीतभर अंतरावर होते. नाक एकच होते, हनुवटी एकच. सासूने आधी हा चेहरा पाहिला, मग तो, मग परत हा. मोटारवाल्याने भोंगा वाजवला.

"पाया पड हिच्या," सासू सुनेला म्हणाली.

मामा पुढे झाला. "नाई, त्या शेजारच्या हायेत, राहू द्या—"

"असतीन शेजारच्या. पाया पडाले काय जाते?"

त्या बाईला काय कळले, किती कळले, हे मी तिला कधी विचारले नाही. मी पाहिले तेवढे लिहितो. वच्छला वाकली आणि तिने आईच्या पायावर डोके ठेवले. नवरीने वाकून लगेच उठायचे असते. ती उठली नाही. अखेर सासूनेच तिच्या दंडाला धरून तिला उभे केले. कपाळावरचे कुंकू पुरते फिसकटले होते. आईचा हात मेणाच्या डबीकडे गेला.

"असू द्या," सासू म्हणाली. "घर येईस्तवर असंच असू द्या."

मोटार गेली. लोक मांडवाकडे वळले, मागे राहिलेली जेवणे होती. पावडरवाली घराकडे निघाली. तिच्या उजव्या पावलावर मेणाने चिकटलेले ओले कुंकू होते, आणि त्या पायावरून लुगड्याचा काठ तिने हाताने वर धरला होता. दाराशी रांजण होता. बाहेरून आलेल्याने पाय धुऊनच आत जायचे, असा तिचा नियम होता. तिने तांब्याभर पाणी घेतले, डावा पाय धुतला, आणि उरलेले पाणी बाजूला ओतून देऊन ती आत गेली.