तळ्यावरचे चांदवे आणि माझी मावशी

भूकंप झाला त्या वर्षी मी लातूरला बारावीत होते. वडील जळकोटला शिक्षक. मला डॉक्टर करायचं म्हणून त्यांनी क्लासेसच्या गल्लीत खोली घेऊन दिली होती. आईची धाकटी बहीण, माझी मावशी, किल्लारीजवळच्या गावात राहायची. त्या पहाटे लोकांनी तिला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. तिचा नवरा आणि शाळेत जाणारा मुलगा मात्र वाचले नाहीत. दिवाळीनंतर आईनं तिला माझ्याकडे आणून सोडलं. "पोरीला भाकरी करून घाल," एवढंच सांगितलं.

मावशी भाकरी करायची, पण स्टोव्ह दारात ओढून. स्लॅबखाली तिचा जीव घाबरायचा. थंडीतही गच्चीवर झोपायची. बोलणं जवळजवळ नाहीच. तिला काय विचारावं हे मला कळत नव्हतं, म्हणून मी पुस्तकात डोकं घालून बसायचे.

एका रविवारी टेस्ट लवकर सुटली. मी म्हटलं, "मावशी, तळ्यावर जायचं?" मोकळ्या जागेचं नाव निघताच ती उठली.

शहराबाहेरच्या त्या तळ्याला काठानं दाट लव्हाळा होता. त्यात जांभळ्या पाणकोंबड्या हिंडत होत्या. एकीनं लव्हाळ्याचं देठ पायात धरलं आणि आपण ऊस सोलतो तसं लाल चोचीनं सोलून खाल्लं. मध्ये खुल्या पाण्यावर काळ्या पक्ष्यांचा थवा होता, प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा टिळा.

"चांदवे हायेत," मावशी म्हणाली. "थंडीत आमच्या तळ्यात बी उतरतेत."

कितीतरी दिवसांत तिनं आपणहून काढलेले ते पहिले शब्द होते. मग दर रविवारी आम्ही जाऊ लागलो. मी पुस्तक न्यायचे, पण उघडायचे नाही. कुत्रं काठाशी आलं की चांदवे पाण्यावर पाय आपटत धावत सुटायचे, आणि बरंच धावल्यावर कुठं पंखांवर उचलले जायचे. मावशी टक लावून बघायची.

संक्रांतीच्या सुमारास एक चांदवा काठाजवळच्या फाटक्या जाळ्यात अडकलेला दिसला. फडफडून दमला होता. मी कुणाला हाक मारावी म्हणून इकडंतिकडं बघते तोवर मावशी कासोटा खोचून कमरेएवढ्या पाण्यात शिरली. त्याला छातीशी धरून तिनं एकेक दोरा सोडवला. बोटांना झालरीसारख्या पाळ्या असलेले त्याचे पाय मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिले. त्या पायांनी त्यानं तिचं मनगट ओरबाडलं.

"मेल्या, तुलाच सोडवायले, अन् मलाच ओरबाडतो व्हय!" ती ओरडली आणि हसली. हसता हसता काठावर येऊन बसली.

चांदवा थव्यात मिसळला. ती तिकडंच बघत म्हणाली, "माझं लेकरू बी असंच. पायातला काटा काढाया बसले की लाथा मारायचं."

मी विचारलं, "मग?"

"मग काय? काटा निघाला की माझ्याच मांडीवर झोपायचं." आणि मग तिला रडू फुटलं. मी तिचा हात धरून बसले. अंधार पडेपर्यंत ती त्याच्याबद्दल सांगत राहिली, काय खायचा, कुणाशी भांडायचा, शाळेला कशी दांडी मारायचा. त्यानंतर त्याचं नाव घ्यायला आम्ही कुणी कचरलो नाही.

माझं मेडिकल थोडक्यात हुकलं. वडील कष्टी झाले, तर मावशीनं त्यांना सुनावलं, "पोरगी धडधाकट हाय न्हवं दाजी? बास झालं."

मी नांदेडला प्राणिशास्त्र शिकले, तिथंच शिकवायला लागले. मावशीला नव्या गावठाणात घर मिळालं. तिथं तिनं पिठाची गिरणी टाकली, आणि दळणापेक्षा गप्पांसाठीच बायका तिच्याकडे जास्त थांबू लागल्या.

आता तिला लांबचं नीट दिसत नाही. गेल्या हिवाळ्यात तिला बिलोलीकडच्या एका तलावावर घेऊन गेले.

"चांदवे काय करायलेत गं?" तिनं विचारलं.

"भांडायलेत. एक दुसऱ्याच्या मागं लागलाय."

"लागू दे," ती म्हणाली, आणि आम्ही काठावर सतरंजी अंथरली.