धाकटीची सही

“सोमवार, ११ नोव्हेंबर. थंडी वाढली. थोरली सकाळी, धाकटी दुपारी. धाकटी शनिवारपासून उजव्या हाताने लिहिते आहे. न मारता, न रागावता. समाधान वाटले.”

बाईंना समाधान वाटायला कारण होतं. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी पट्टी मारून मारून त्यांची डाव्या हाताने लिहायची सवय मोडली होती. त्याच बाई आता शूटिंगच्या सेटवर मुलांना शिकवत आणि मुलांच्या कामाचे तास नोंदवत. एका मुलाला दिवसाला पाच तास, वर एक मिनिट नाही. बाईंची सही झाल्याशिवाय कॅमेरा हलत नसे. म्हणूनच एका भूमिकेला जुळ्या मुली घेतल्या होत्या: सहा वर्षांच्या, एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी अशा.

मंगळवारी सकाळी थोरलीचा पुढचा दात पडला. फ्रॉकला खिसा नव्हता. “बाई, तुमच्याकडे ठेवा. तिला दाखवायचाय,” म्हणाली. बाईंनी तो कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. एक वाजता थोरलीचे तास संपले.

अडीचला आई धाकटीला घेऊन आली. पोर हसली, तर त्याच जागी खिंडार, हिरडी अजून लाल.

“जुळ्या ना, बाई!” आई घाईघाईने म्हणाली. “एकीला शिंक आली की दुसरीला पडसं.”

मेकअपवाली खो खो हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही पुढे सरकवली. “ही बेरीज कर बघू.”

पोरीने पेन्सिल उजव्या हातात धरली. मग आईकडे पाहिलं आणि पेन्सिल डाव्या हातात घेतली. सातचा आकडा कागदावर धडपडत उतरला.

बाईंनी हजेरीचं रजिस्टर मागे चाळलं. शनिवार, सोमवार, आज.

“बाई, सही करा ना, ऊन उतरतंय,” मॅनेजर दारातून ओरडला. “मुहूर्त काढायचाय का?”

“धाकटी कुठंय?” बाईंनी आईला हळूच विचारलं.

“ही काय...”

“मी धाकटीचं विचारतेय.”

आईने पदर तोंडाशी नेला. “ताप आहे. औषध देऊन निजवलंय. दोघींचा परवाना एकत्र आहे हो, बाई. एक गळाली की दोघी गेल्या. दुसरी जोडी सकाळपासून फाटकाशी बसलीय.”

“तिच्याजवळ कोण आहे?”

“शेजारीण होती.”

“होती म्हणजे?”

“शनिवारी.” आईने मूठ उघडली. मुठीत किल्ली होती.

बाईंनी रजिस्टरमध्ये ‘धाकटी गैरहजर’ लिहून खाली सही केली. वरच्या दोन ओळींत धाकटी हजर होती, आणि सह्या त्यांच्याच होत्या.

“दिवस बुडवलात!” मॅनेजर म्हणाला. “पोरगी ती पोरगीच. ही काय नि ती काय!”

“गाडी मागवा,” बाई म्हणाल्या. “आत्ता.”

तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घराशी आईला कुलपात किल्ली घालता येईना. थोरलीने दारावर तीनदा टकटक केलं आणि कान लावला. “ती आतून दोनदा वाजवते,” तिने बाईंना सांगितलं. पुन्हा टकटक केलं. आतून काहीच आलं नाही. बाईंनी आईच्या हातातून किल्ली घेतली आणि दार उघडलं.

धाकटीच्या उशाशी पाण्याचा पेला भरलेला तसाच होता. श्वास चालू होता, पण बाईंनी हाक मारली, आईने हलवलं, तरी डोळे उघडेनात. अंग तव्यासारखं तापलं होतं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, “किती दिवस झाले?”

“शनिवारपासून,” बाई म्हणाल्या. “माझ्याकडे लिहिलेलं आहे.”

डॉक्टरांनी बरं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. पडदा ओढून आत गेले. थोरली बाकावर बसली होती. तिने पडद्याकडे बघत विचारलं, “बाई, दात हरवला नाही ना?”

दिवेलागणीला बाई घरी आल्या आणि रोजनिशी उघडून सोमवारचा मजकूर वाचला. खाडाखोड त्यांनी जन्मात केली नव्हती. तो तसाच ठेवून खाली मंगळवारची तारीख घातली, घडलं ते सगळं लिहिलं आणि शेवटी एक ओळ लिहिली:

“दात ठेवायला काडेपेटी रिकामी केली. काड्या झाकणाच्या डब्यात ठेवल्या आहेत.”