कडबा कुट्टीवरचं गाणं

आमच्या बँडमध्ये तिघं. लॅपटॉप आणि कीबोर्डवर मी, गिटारवर माझा चुलतभाऊ आणि ड्रमवर केडगावचा आमचा एक मित्र. रॉक आणि इलेक्ट्रॉनिक एकत्र करून वाजवतो, असं मी लोकांना सांगायचे. आमच्या काष्टीत सांगून बघा एकदा! "बँड म्हंजी वरातीचा का?" हा पहिला प्रश्न आणि "मग घोडा कुनाचा?" हा दुसरा. भाऊ वैतागायचा. मला तर वाटायचं, एक घोडा घेऊनच टाकावा म्हणजे कटकट मिटेल.

घरची तऱ्हा आणखी वेगळी. वडिलांना मी आप्पा म्हणते. त्यांच्या गोठाभर गाई आणि मी एकुलती एक, त्यामुळे पुढे गोठा मीच बघणार हे त्यांनी मला न विचारताच ठरवून टाकलं होतं. माझा कीबोर्ड त्यांच्या लेखी पेटी. "पेटी आवरली का? मग आता शेन आवर," असं ऐकवायचे. मी तणतणायचे, आणि तणतणत शेणही आवरायचे.

एकदा जेवताना मी सरळ सांगून टाकलं, मला बँडच करायचाय. आप्पांनी भाकरी चुरायची थांबवली.

"गावच्या यात्रंत एक कार्यक्रम कर," ते म्हणाले. "लोकं शेवटपत्तुर बसली, तर मी पुन्हा गोठ्याचं नाव काढनार न्हाई. उठून गेली, तर पेटी माळ्यावर आन् तू गोठ्यात. चालंल?"

"चालेल," मी म्हणाले.

आता गावाला धरून ठेवणारं गाणं आणायचं कुठून? ते सापडलं आमच्याच गोठ्यात. रोज संध्याकाळी गाईंची वैरण बारीक करायला मी कडबा कुट्टीच्या मशिनमध्ये मका घालते, तेव्हा त्याचा वरचा सैल पत्रा वाजतो. घर्र घर्र खट्, घर्र घर्र खट्. एके दिवशी तो आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केला, लॅपटॉपवर कापला, जोडला, खाली दणदणीत बास घातला आणि वर भावाची किंचाळणारी गिटार. काय ठेका झाला म्हणून सांगू! माझी मीच खूश. हे सगळं जोडकाम मी हेडफोन लावून केलं आणि सराव केला केडगावला, मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत. हे मुद्दाम सांगतेय. त्या गच्चीच्या आसपास एकही गाय नव्हती.

यात्रेत आमचं स्टेज बाजारतळावर बांधलं होतं. त्याच्या मागे बाजारात न विकलेली जनावरं दावणीला होती. संध्याकाळची वेळ. आप्पा पहिल्या रांगेत, कपाळाला गुलाल, हाताची घडी. पहिली दोन गाणी लोकांनी नकोशा पाहुण्यासारखी सोसली. तिसऱ्याला एक म्हातारबुवा धोतर झटकून उठले. त्यांच्यामागून अख्खी रांग उठली. आप्पांनी मान वळवून जाणाऱ्या लोकांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"ताई, कुट्टी लावायची?" भावाने विचारलं.

"लावते बाबा," म्हणत मी बटण दाबलं.

माणसाएवढ्या स्पीकरमधून घर्र घर्र खट् सुरू झालं आणि स्टेजमागून एक म्हैस ओरडली. मला वाटलं, स्पीकर गेला. मग दुसरी ओरडली, मग गाई, मग सगळी दावणच. अहो, वैरणीचीच वेळ! बिचाऱ्यांना वाटलं, मका आला. दावी ताणून ताणून हंबरायला लागल्या. एक जर्सी गाय तर खुंटा उपटून आली, डाव्या स्पीकरपुढे उभी राहिली आणि जाळी चाटायला लागली. ड्रमवाल्याच्या हातातून हसता हसता काठी सुटली. भाऊ घाबरून आणखीच जोरात वाजवायला लागला. मी मेले आता, म्हणत बंद करायला हात नेला, तर निघालेली माणसं पळत परत येत होती!

"आरं, टाका की तिला वैरन!" कुणीतरी ओरडलं. दुसऱ्याने री ओढली. बघता बघता सगळा बाजारतळ ठेक्यावर "वैरन! वैरन!" करत नाचायला लागला, आणि धोतर झटकून उठलेले म्हातारबुवा सगळ्यांत पुढे. आप्पा त्या जर्सीचं दावं धरून स्पीकरपाशी उभे होते, कान लावून.

घरी आल्यावर मी म्हणाले, "आप्पा, लोकं शेवटपर्यंत थांबली."

"थांबली," आप्पा म्हणाले. "पर बसली कुठं? समदी हुबीच हुती." आणि डोक्यावर पांघरूण घेऊन झोपले.

असा राग आला मला! रडूही आलं, खोटं कशाला सांगू.

कुणीतरी काढलेला व्हिडिओ मात्र मोबाईलवर गावोगाव फिरला. शिंगणापूरच्या रस्त्यावर एका हॉटेलचं उद्घाटन होतं, त्यांचा फोन आला. मग आणखी दोन-तीन. सगळ्यांना तेच गाणं हवं, आणि सगळ्यांचा प्रश्नही एकच. "गाई तुम्ही आणता, का आम्ही सोय करू?" घोड्याचं मात्र परत कुणी विचारलं नाही. आप्पा मात्र अजून "बसली कुठं"वरच अडलेले. मीही तोंड फुगवून गोठ्यात राबत होते.

अशात कुट्टीचा मिस्त्री आला. आप्पांनीच त्याला यात्रेच्या आधी निरोप दिला होता. मी मका उचलत होते आणि आप्पा पलीकडे धार काढत होते. मिस्त्रीने मशिनला हात लावून बघितला.

"आप्पा, वरचा पत्रा सैल झालाय. दोन नट आवळले की गप बसंल."

"ए, त्या पत्र्याला हात लावू नगं!" आप्पा गाईच्या आडूनच ओरडले.

"आवो, पन वाजतंय किती!"

"वाजू दे. पोरीचं गानं हाय ते."

मी मक्याचा भारा तसाच धरून उभी. आप्पांनी गाईच्या पाठीवरून मान वर काढली.

"आन् तू हितं काय करतीस गं? ठेव तो मका. केडगावला सरावाला जायचं न्हाई व्हय?"